व्हॅन दारात येते म्हणून?

पत्र

बाईंना नमस्कार. आमचं गाव बेळगावच्या पश्चिमेला, शहरापासून 12 किलोमीटरवर. मालक उद्यमबागला फाउंड्रीत आहेत, मी घरचं आणि शेताचं बघते. मुलगी गावच्या सरकारी मराठी शाळेत तिसरीला आहे. मी पण त्याच शाळेत शिकले. तेव्हा एका वर्गात 40 पोरं होती, आता पहिली ते पाचवी मिळून 27 आहेत. सकाळी गल्लीत इंग्रजी शाळांच्या तीन व्हॅन येतात. धाकट्या जावेची मुलगी त्यातनं जाते. स्त्रीशक्ती संघाच्या मीटिंगला गेलं की बायका म्हणतात, मराठी शाळेत आता काय राहिलं नाही, पोरीचं वाटोळं करू नको. सासूबाई म्हणतात, एकीला टाय आणि एकीला सरकारी गणवेश, बरं दिसत नाही. मुलगी मात्र शाळेला खुशीत जाते. इंग्रजी शाळेत चौकशी केली तर म्हणाले, चौथीला घेत नाही, दुसरीला घालावं लागेल. फी वर्षाला 22,000, व्हॅन वेगळी. मार्चअखेर ॲडव्हान्स भरायचा आहे. मालक म्हणतात, सोसायटीतनं कर्ज काढू. सगळेच म्हणतात म्हणजे त्यात काहीतरी तथ्य असणारच ना? मला काय कळेना झालंय.

– एक आई, बेळगाव तालुका

उत्तर

तुला 'तू' म्हणते, राग मानू नकोस. तुझ्या वयाच्या कितीतरी मुली माझ्या वर्गात बसून गेल्यात.

मुद्द्याचं आधी सांगते, कारण मार्चअखेर जवळ आली आहे. ॲडव्हान्स भरू नकोस आणि सोसायटीची पायरी चढू नकोस. मुलगी चौथीला त्याच शाळेत जाऊ दे. पण 'आपली शाळा' म्हणून नको, आणि परवडत नाही म्हणून तर मुळीच नको. ती शाळा चांगली आहे अशी खात्री करून घे आणि मग जाऊ दे. आज ती खात्री तुला नाही. गल्लीलाही नाही. इथे बसून मलाही नाही.

'सगळेच म्हणतात' असं लिहिलंस. पुढच्या मीटिंगला बायकांना एवढंच विचार: गेल्या दोन वर्षांत आपल्या शाळेच्या वर्गात कोण कोण जाऊन आलं? मतदानाला गेलेलं सोडून, बरं का. किती हात वर होतात ते मोज. खेड्यात शाळेबद्दलचं मत फाटकाबाहेर तयार होतं. व्हॅन दिसते, बूट दिसतात, गॅदरिंगचे फोटो स्टेटसला दिसतात. मराठी शाळेचं काय दिसतं, तर उखडलेलं कंपाउंड आणि कमी झालेली पोरं. पोरं कमी झाली म्हणून लोक म्हणतात शाळा बिघडली, आणि शाळा बिघडली म्हणतात म्हणून आणखी चार पोरं कमी होतात. या चक्रात शिकवण्याचा विषय कुठे आला का? तुझ्या सबंध पत्रात शाळेत काय आणि कसं शिकवतात यावर एकही ओळ नाही, बघ पुन्हा वाचून.

चौकातल्या 100 टक्के निकालाच्या फलकालाही भुलू नकोस. आपल्या कर्नाटकाचा दहावीचा निकाल 2023 ला 83.89 टक्के होता. 2024 ला परीक्षेच्या खोल्यांत कॅमेरे लागले, वेबकास्टिंग सुरू झालं आणि तो 73.40 वर आला, तोही ग्रेस गुण वाढवून दिल्यावर. एका वर्षात राज्यातले मास्तर बिघडले की पोरं? दोन्ही नाही. आधीच्या आकड्यात काय काय मिसळलेलं होतं ते जरा उघडं पडलं, इतकंच. आणि हा आकडा सगळ्यांचा, सरकारीचा तसा खाजगीचाही.

आता दुसरी बाजू. लोक म्हणतात ते सगळं खोटं, असं मी सांगितलं तर ते माझंच खोटं होईल. खानापूर तालुक्यात एका गावी मी आठ वर्षं होते. पाच वर्ग, आम्ही दोघं. त्यातले एक गुरुजी कधी मतदारयादीला, कधी ट्रेनिंगला. म्हणजे पुष्कळ दिवस मी एकटीच. तिसरी, चौथी, पाचवी एका खोलीत. पाचवीत एक मुलगा होता, शांत, त्रास न देणारा. एकदा सहज त्याच्याशेजारी बसले. तो 52 मधून 28 वजा करत होता. उत्तर लिहिलं 36. मी विचारलं, कसं रे आलं? म्हणाला, 'दोनातनं आठ जात नाहीत, मग आठातनं दोन घालवले.' पोराने आपल्यापुरता नियम करून ठेवला होता. तीन वर्षं तो माझ्यासमोर बसत होता आणि तीन वर्षं मी त्याच्या वहीवर लाल फुली मारून पुढे सरकत होते. हातचा घ्यायचा राहतोय हे बघायला मला पाचवीचा जानेवारी उजाडला. एप्रिलमध्ये तो सहावीला गेला, मीच सही केली.

तेव्हा तुझ्या मुलीच्या बाबतीत असं काही चाललंय का, हे बघणं तुझं काम. त्याला पदवी लागत नाही.

'असर' नावाची एक पाहणी 2005 पासून होते. खेडोपाडी घरी जाऊन मुलांना वाचायला लावतात, गणित घालतात. शाळा सरकारी की खाजगी, पोर घरीच गाठायचं. अक्षर, शब्द, छोटा परिच्छेद आणि शेवटी दुसरीच्या पातळीची गोष्ट, एवढीच वाचनाची परीक्षा. 2024 च्या पाहणीत ग्रामीण भारतात तिसरीतल्या 100 पैकी साधारण 27 मुलांनाच ती गोष्ट नीट वाचता आली. पाचवीतली जेमतेम निम्मी. खाजगी शाळांचा आकडा वर असतो, पण टाय बांधलेलं प्रत्येक पोर वाचतं असं तिथेही नाही. शिवाय ज्या घरात फी भरायची ऐपत असते तिथे बहुधा शिकलेली आई, शिकवणी, पुस्तकंही असतात. वरच्या आकड्यात शाळेचा वाटा किती आणि घराचा किती, ते वेगळं काढणं अवघड.

हीच परीक्षा तू घरी घे, दोन संध्याकाळी पुरतात. तिचं स्वतःचं पुस्तक घेऊ नकोस, ते तिला पाठ असेल. शेजारच्या पोराचं दुसरीचं जुनं पुस्तक माग, नाहीतर पेपरातली मुलांच्या पानावरची गोष्ट घे. वाचून झालं की पुस्तक मिट आणि 'काय झालं गं त्यात?' असं विचार. तिने तिच्या शब्दांत सांगितलं तर झालं. पुस्तकातली वाक्यं जशीच्या तशी म्हणायला लागली तर मात्र थांबव आणि मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून 'इथनं पुढे वाच' म्हण. गणिताला 52 वजा 28 घाल, आणि उत्तर चुकलं तर ओरडू नकोस, कसं केलंस ते विचार. मी विचारायला उशीर केला, तू करू नकोस.

ते बोट ठेवण्याचं मी कुठे शिकले सांगते. निवृत्तीनंतर शेजारचा एक मुलगा माझ्याकडे यायचा, इंग्रजी शाळेत चौथीला. विज्ञानाचं उत्तर धडाधड म्हणायचा, स्वर असा की बाप खूश. बोट ओळीवर फिरत होतं आणि डोळे पंख्याकडे. मी मधल्या शब्दावर बोट ठेवलं. त्याला तिथून सुरू करता येईना. पुन्हा वरपासून म्हणत आला तेव्हा कुठे त्या शब्दाशी पोचला. ओळीत 'रूट्स' शब्द होता. म्हटलं, म्हणजे काय? गप्प. बाहेर अंगणात शेवग्याची मुळं दाखवली तर म्हणाला, 'ही तर मुळं.' मूळ त्याला ठाऊक होतं, रूट्सही पाठ होतं; दोन्हीची गाठ कुणी घालून दिली नव्हती. त्याला मी बोल लावत नाही. शिक्षिकेलाही फारसा नाही, वर्गात 50 पोरं आणि तिचा पगार किती ते मला माहीत आहे. पण त्याच्या आईला गल्ली 'पोरगं काय फाडफाड इंग्रजी बोलतंय' असं सांगायची. लोकमत ते हेच.

आता त्या इंग्रजी शाळेने तुला जे सांगितलं त्याचा अर्थ नीट बघ. चौथीला जाणाऱ्या मुलीला ते दुसरीत घालणार. म्हणजे ती दोन वर्षं मागे जाणार आणि तीच बेरीज-वजाबाकी पुन्हा करणार, फक्त 'प्लस-मायनस' म्हणून. ते तुला फसवत नाहीत, उलट खरं बोलले. मुलीला येत नाही असं ते म्हणत नाहीत. आम्ही ज्या भाषेत शिकवतो ती तिला समजणार नाही, असं म्हणतात. मग घरी तो अभ्यास कोण घेणार? मालक फाउंड्रीतून दमून येणार, तू रोप लावणीत. शेवटी शिकवणी. 22,000 मध्ये ती धरली होतीस का?

कायद्याचं विचारशील तर निवड तुझीच आहे, कुणी अडवू शकत नाही. राज्य सरकारने 1994 ला पहिली ते चौथीचं शिक्षण मातृभाषेत किंवा कन्नडमध्येच हवं असं धोरण काढलं होतं. 2014 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की माध्यम पालकांनी ठरवायचं, सरकारने लादायचं नाही. तेव्हा उद्या तू मुलीला इंग्रजीत घातलीस तर अपराधी वाटून घेऊ नकोस. मराठीशी गद्दारी वगैरे म्हणणारे भेटतील. 1 नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत पुढे चालणाऱ्यांची नातवंडं कुठल्या शाळेत जातात हे मी विचारत बसत नाही, पण व्हॅन कुठे कुठे थांबते ते मला ठाऊक आहे. मराठी टिकवण्याचं ओझं तुझ्या आठ वर्षांच्या पोरीच्या दप्तरात घालू नकोस, तसंच जावेशी बरोबरी करण्याचंही घालू नकोस.

इंग्रजीची भीती मात्र खोटी नाही. दहावीपर्यंत मराठीतून गेलेलं पोर पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्स घेतं आणि पहिले सहा महिने फळ्याकडे बघत बसतं, हे मी माझ्या विद्यार्थ्यांचं पाहिलंय. त्यावर इलाज आहे, पण तो अकरावीत करायचा नसतो. सरकारी शाळेतही इंग्रजी पहिलीपासून विषय आहेच. तो कसा शिकवतात ते बघ. नुसत्या कविता म्हणून घेतात की मूल स्वतःचं एखादं वाक्य बोलतं? सातवीपर्यंत रोज अर्धा तास इंग्रजी वाचन झालं तर पुढे अंगावर येत नाही. उलट दहावीला प्रथम भाषेचा पेपर 125 गुणांचा, बाकीचे 100 चे. मराठी ही प्रथम भाषा घेणाऱ्या पोरीला त्या 125 मध्ये हात सैल सोडता येतो.

आणि कन्नड. पत्रात त्याबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस, आपल्याकडे कुणीच लिहीत नाही. घरातला जमिनीचा उतारा काढ आणि वाचून बघ. मालकांना वाचता येतो? की कुणाकडे तरी घेऊन जाता? दवाखान्याचा कागद, बसची पाटी, सोसायटीची नोटीस, सगळं कन्नड. 2015 च्या कायद्यापासून राज्यातल्या सगळ्या शाळांत कन्नड हळूहळू सक्तीचं झालं, इंग्रजी शाळेत गेली तरी ते सुटत नाही. मग नीटच शिकू दे. सीमाप्रश्न कोर्टात 2004 पासून आहे, तो सुटेल तेव्हा सुटेल. उतारा आजच वाचता यायला हवा. माझी स्वतःची कन्नड बाजारापुरती राहिली आणि खात्याचं प्रत्येक पत्र दुसऱ्याकडून वाचून घेण्यात 30 वर्षं गेली, म्हणून हे जरा जोरात सांगते. मराठी सुटेल अशी भीती घालू नकोस. महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंगसारख्या प्रवेशांत सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी वेगळी तरतूद आहे, ती कन्नड येतं म्हणून जात नाही. वेळ येईल तेव्हा त्या वर्षीची माहितीपुस्तिका बघायची.

आता शाळेत जा. एप्रिलमध्ये सुट्टी लागेल, त्याआधी. मुख्याध्यापकांना सांग, 'सर, अर्धा दिवस मागे बसते.' नाही म्हणणार नाहीत. म्हणाले तर तेही उत्तरच. फळ्यावरची सुवाक्यं बघू नकोस. एका वर्गाला शिकवताना दुसरा वर्ग काय करतो ते बघ. काम दिलेलं आहे की नुसतं 'गप्प बसा'? किती वेळा एखाद्या पोराला नावाने हाक मारतात ते बघ. मग मुलीच्या वह्या माग, जूनची आणि आत्ताची. माझ्यासारख्या नुसत्या फुल्या आहेत, की चूक कुठे झाली ते लिहिलंय? पानभर एकच मोठी बरोबरची खूण असेल तर ती न वाचता केलेली असते. मीही केलेल्या आहेत.

आणि स्पष्ट विचार: दोन्ही शिक्षक कायम आहेत की एक अतिथी, म्हणजे तात्पुरता? पुढच्या वर्षी बदली आहे का? कायद्याने पहिली ते पाचवीच्या शाळेत 60 पर्यंत मुलं असली तरी दोन शिक्षक हवेत, म्हणजे 27 पोरांनाही दोन. पण कागदावरचे दोन आणि खोलीतले दोन यांत फरक असतो हे मी वर सांगितलंच. जुलैपर्यंत एकच शिक्षक राहिला असं झालं तर मग माझा सल्ला बदलेल. तेव्हाही इंग्रजी शाळा ही एकच वाट नाही. शेजारच्या मोठ्या गावात सातवीपर्यंतची, भरलेली मराठी शाळा असते, तिथली एखादी बस असते. 2019 पासून राज्यात 1,000 सरकारी शाळांत इंग्रजी माध्यमाचे वर्गही सुरू झाले. तुमच्या पंचक्रोशीत तसा वर्ग आहे का, बीईओ, म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसात विचारता येईल. गल्लीतल्या चर्चेत या वाटा येत नाहीत, कारण तिथे व्हॅन जात नाही.

सासूबाईंचं बोलणं मला पटलं नाही, पण कळलं. दोन नाती, एकीला जास्त आणि एकीला कमी मिळतंय असं त्यांना वाटतं, त्या वाईट हेतूने बोलत नाहीत. त्यांना आकडे सांगू नकोस. रोज संध्याकाळी तुझ्या मुलीला आजीजवळ पेपर घेऊन बसव, मोठ्याने वाचू दे. जावेची मुलगीही तिथेच बसू दे, तिला येतं ते इंग्रजी हिला शिकवू दे. फक्त दोघींची परीक्षा एकमेकींसमोर घेऊ नकोस. जावेला तर 'तुझीला वाचता येतं का' असं चुकूनही विचारू नकोस, घरात चूल वेगळी व्हायची.

शेवटी एक राहिलं. तुझं पत्र संपल्यावर खाली पेन्सिलीने एक ओळ आहे, ती बहुतेक तू पाहिलीच नसशील: 'बाई आमची शाळा छान आहे पण माझा बाक मोडका आहे.' 'मोडका'चा 'ड' दोनदा खोडून लिहिलाय. कुणी सांगून लिहिलेली ओळ अशी नसते. तिसरीच्या पोरीने मनातलं वाक्य आपल्या हाताने लिहिलं, त्यात 'पण' घातला, म्हणजे माझ्या परीक्षेतला बराच भाग तिने तू घ्यायच्या आधीच दिलाय. वजाबाकी तेवढी बघून घे.

बाकाचं शाळा सुधारणा समितीत सांगायचं असतं. त्या समितीत 75 टक्के पालक असावे लागतात आणि निम्म्या बायका. तुमच्या समितीत कोण बायका आहेत ते बघ. सह्यांपुरती नावं असतील तर या खेपेला तुझं दे. एक फळी आणि चार खिळे लागतील. बैठक कधी आहे ते उद्याच विचार, आणि बाक कुठला ते आधी पोरीकडून समजून घे.